व्हिडिओतला लोगो पुसणारी साधनं: रफू कुणाचा बेमालूम, ठिगळ कुणाचं दिसतं

टी-शर्टवरचा छातीचा लोगो, लॅपटॉपच्या पाठीवरचं चिन्ह, कपावरचं नाव, मागच्या भिंतीवरची पाटी. चित्रीकरणाच्या वेळी तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, किंवा गेलं तरी झाकायला वेळ नव्हता. आता प्रायोजक वेगळाच ठरलाय, नाहीतर वाहिनीचा नियम आडवा येतोय. मग तो लोगो पुसायचा किंवा त्याच्या जागी दुसरा बसवायचा. या कामासाठी मोका प्रो, आफ्टर इफेक्ट्सचं कंटेंट-अवेअर फिल, दा विंची रिझॉल्व्ह स्टुडिओ, न्यूक (दृश्यांचे थर जोडणारं सॉफ्टवेअर), एफएफएमपेग (आज्ञा टाइप करून चालवायचं साधन) आणि मोफत मिळणारी न्यूरल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, मॉडेलं वापरतात. कुठलं साधन कुठल्या शॉटला उपयोगी पडतं आणि कुठे तोंडघशी पाडतं, ते इथे सविस्तर मांडलं आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण ती न कळल्यामुळेच बरेच जण चुकीच्या साधनावर दिवस घालवतात. एखादा माणूस भिंतीसमोरून चालत गेला तर त्याच्यामागची भिंत पुढच्या दहा-वीस फ्रेममध्ये मोकळी दिसते. तिथून ती उचलायची आणि माणसाच्या जागी लावायची, एवढंच काम असतं. लोगो मात्र चिकटलेला असतो. कापड हललं की लोगो हलतो, कप फिरला की नावही फिरतं. त्याच्याखालचं कापड किंवा चिनीमाती अख्ख्या शॉटमध्ये एकदाही दिसत नाही. त्यामुळे वस्तू गायब करणारं साधन आजूबाजूच्या फ्रेम धुंडाळतं आणि रिकाम्या हाताने परत येतं. मग इकडचंतिकडचं ओढून भरतं आणि तो पॅच मुंग्या चालल्यासारखा वळवळायला लागतो.

म्हणजे लोगोच्या कामात खरी कामं तीन: पृष्ठभागाचा पक्का ट्रॅक (त्याच्या हालचालीचा फ्रेमगणिक माग), लोगो नसलेली एक स्वच्छ फ्रेम तयार करणं, आणि ती प्रत्येक फ्रेमवर बसवताना उजेड, ब्लर (धूसरपणा) आणि ग्रेन (चित्रातला बारीक दाणेदारपणा) जुळवणं. मधल्या कामात माणसाचा हात लागतोच. जे साधन तो हात घालायला नीट जागा देतं ते या कामाचं. खालची सगळी मतं याच कसोटीवर दिलेली आहेत.

साधन उघडण्याआधी

मोबाइलवरच्या फुटेजचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बहुतेक वेळा बदलता असतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर तो एका पद्धतीने वाचतं, ट्रॅकिंगचं दुसऱ्या. थोड्या वेळाने पॅच एक फ्रेम मागे पडतो आणि खापर ट्रॅकरवर फुटतं. आधी फाइल स्थिर फ्रेम रेटला आणून प्रोरेझ ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या. जुनं फुटेज इंटरलेस्ड असेल तर डीइंटरलेस केल्याशिवाय ट्रॅकला हात लावू नका, कारण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळे क्षण विणलेले असतात आणि ट्रॅकर दोघांच्या मधे कुठेतरी लटकतो.

दुसरी गोष्ट रंगाची. ४:२:० फुटेजमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, रंगाची मात्र आडवी निम्मी आणि उभीही निम्मी, म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकच. त्यामुळे पांढऱ्या कापडावरच्या लाल लोगोचा रंग त्याच्या दिसणाऱ्या कडेच्या बाहेर सांडलेला असतो. मास्क (बदलायच्या भागाची सीमा) बरोबर कडेवर काढला की लोगो जातो आणि त्याच्या आकाराची गुलाबी झाक मागे राहते. एचडी फुटेजला मास्क ३ ते ५ पिक्सेल बाहेर न्या, ४केला त्याच्या दुप्पट, आणि कडेला तेवढाच फेदर (कडेचा मऊ उतार) द्या. लोगो उठावदार असेल, गाडीवरच्या धातूच्या चिन्हासारखा, तर त्याची सावलीही मास्कमध्ये घ्या. चिन्ह गेलं आणि सावली उरली तर प्रेक्षकाची नजर थेट तिथेच जाते.

मोका प्रो

या कामासाठी एकच साधन घ्यायचं असेल तर हे. त्याचा प्लॅनर ट्रॅकर मूळचा इमॅजिनिअर सिस्टिम्स या ब्रिटिश कंपनीचा. ती कंपनी २०१४ मध्ये बोरिस एफएक्सने घेतली. साधा ट्रॅकर एका ठिपक्याचा पाठलाग करतो, प्लॅनर ट्रॅकर अख्ख्या सपाट भागाचा पोत पकडून ठेवतो. ठिपका फ्रेमबाहेर गेला की साध्या ट्रॅकरचा खेळ संपतो. मोका उरलेल्या भागावर काम चालू ठेवतो.

एक नमुना शॉट घेऊ. टेबलावर उघडा लॅपटॉप, कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकतो, मधेच एक हात लोगोसमोरून जातो. ५ सेकंद, सेकंदाला २५ च्या हिशेबाने १२५ फ्रेम.

ज्या फ्रेममध्ये लोगो सर्वांत मोठा आणि समोरून दिसतो तिथे थांबा. पहिलीच फ्रेम घ्यायची सवय मोडा. ट्रॅक मधून सुरू करून पुढे आणि मागे दोन्हीकडे चालवता येतो. एक्स-स्प्लाइन (ट्रॅक करायचा भाग दाखवणारी वक्ररेषा) फक्त लोगोभोवती काढू नका, लॅपटॉपचं अख्खं झाकण घ्या. झाकणावर खिडकीचं प्रतिबिंब पडलं असेल तर त्याच लेयरमध्ये दुसरी स्प्लाइन काढून तेवढा भाग वगळा. हे फार महत्त्वाचं आहे. प्रतिबिंब पृष्ठभागावर चिकटलेलं नसतं, ते कॅमेऱ्याबरोबर वेगळ्याच वेगाने सरकतं. ते न वगळल्यास ट्रॅकर झाकण सोडून खिडकीचा पाठलाग करतो. गाडीच्या बॉनेटवर तर हा त्रास हमखास होतो, कारण तिथे आकाश आणि झाडं सतत सरकत असतात. तिथे पत्र्यांमधली फट, दाराची कड, दिव्याची चौकट असले पक्के आधार आकारात आले पाहिजेत.

झाकण गुळगुळीत असेल आणि त्यावर लोगोशिवाय काहीच नसेल तर? मग लोगोच ट्रॅकचा आधार. पुसायची वस्तूच सर्वांत ठळक असते, तिचा फायदा घ्या आणि ट्रॅक पक्का झाल्यावरच पुसा.

हातासाठी वेगळा लेयर काढून तो झाकणाच्या लेयरच्या वर ठेवा आणि आधी ट्रॅक करा. वरच्या लेयरने झाकलेले पिक्सेल खालचा ट्रॅकर विचारात घेत नाही. इथे हाताचा आकार ढोबळ चालतो. शेवटी हात पॅचच्या वर आणण्यासाठी मात्र बोटांचा नीट रोटो (हाताने काढलेला मास्क) लागतो, वेगळा आणि फ्रेमगणिक तपासलेला. या १२५ फ्रेमच्या शॉटमध्ये हात जेमतेम २० फ्रेम लोगोवर असेल, पण निम्मा वेळ त्या २० फ्रेमच खातात.

हालचालींमध्ये सरकणं, लहान-मोठं होणं, फिरणं आणि शिअर (तिरकं होणं) एवढ्यावर पहिला ट्रॅक घ्या. पर्स्पेक्टिव्ह तेव्हाच जोडा जेव्हा पृष्ठभागाचा कोन खरोखर बदलतोय. लहानशा भागावर पर्स्पेक्टिव्ह चालू ठेवला की ट्रॅकर ग्रेनलाच कोनातला बदल समजतो आणि पॅचचे कोपरे थरथरतात. ट्रॅक झाल्यावर सरफेसचा चौकोन झाकणाच्या कडांशी जुळवा, जाळी दाखवा आणि शॉट चालवून बघा. जाळी घसरत असेल तर ॲडजस्टट्रॅकमध्ये शेवटच्या फ्रेमवर कोपरे जागेवर आणा. आधी सगळीकडे कीफ्रेम (हाताने ठरवलेली जागा) मारू नका, शेवटची दुरुस्त करून मग मधली बघा. दर पाच फ्रेमला कीफ्रेम लागत असेल तर ट्रॅकच चुकलेला आहे. आकार बदलून तो नव्याने घ्या.

आता रिमूव्ह मॉड्यूल. इथून एक फ्रेम क्लीन प्लेट (लोगो नसलेली स्वच्छ फ्रेम) म्हणून बाहेर काढा, फोटोशॉपमध्ये लोगो हाताने पुसा, परत आत आणा. फाइल १६ बिट टिफमध्ये ठेवा. करड्या झाकणावर उजेडाचा हलका उतार असतो आणि ८ बिटमध्ये रंगवलेल्या उतारावर पट्टे दिसतात. ग्रेडिंगमध्ये (रंग ठरवायच्या टप्प्यात) कॉन्ट्रास्ट वाढवला की ते पट्टे आणखी उठून येतात. शॉटभर उजेड बदलत असेल तर दुसरी क्लीन प्लेट दुसऱ्या टोकाला करा. मधला बदल सांभाळायला इल्युमिनेशन मॉडेलिंग आहे. त्याचं लिनिअर पुरेसं ठरत नसेल तर इंटरपोलेटेड, पण पॅचच्या कडेला चमकता डाग किंवा सावली येत असेल तर इंटरपोलेटेड रंग चुकीच्या जागेवरून उचलतं, हे ध्यानात ठेवा.

उणिवाही सांगायला हव्यात. मोका शिकायला वेळ लागतो, आणि ज्याने तो आधी पाहिलेला नाही त्याला पहिल्या दिवशी काहीच सापडत नाही. जोरात हलणाऱ्या कॅमेऱ्यात, लोगो ब्लरने फरफटलेला असेल तिथे ट्रॅक सुटतो. तेवढ्या फ्रेम हाताने जुळवाव्या लागतात. वाइड लेन्सच्या कडेला सरळ रेषा वाकलेल्या असतात, तिथे लेन्स मॉड्यूलने वाक आधी काढला नाही तर सपाट पॅच वाकड्या झाकणावर बसणार नाही.

कापड: इथेच साधनांचं पितळ उघडं पडतं

अंगातल्या टी-शर्टवरचा लोगो हा या धंद्यातला सर्वांत अवघड नेहमीचा शॉट. कापड सपाट नसतं, श्वासाबरोबर फुगतं, हात वर केला की घडी पडते आणि लोगोचा एक भाग तिच्यात जातो. प्लॅनर ट्रॅक इथे एकटा पुरत नाही. मोकाचं पॉवरमेश त्याच्यावर जाळं टाकतं आणि जाळ्याचा प्रत्येक बिंदू कापडाबरोबर हलवतं. जाळं आधी मोठ्या घरांचं घ्या. बारीक जाळं दिसायला हुशार वाटतं, पण घडीपाशी घरं एकमेकांवर चढतात आणि पॅच चिरडतो. घडी लोगो गिळते तिथे शॉटचे दोन भाग करा आणि प्रत्येकाला स्वतःची क्लीन प्लेट द्या. घडी उलगडल्यावर जुनी प्लेट ताणून बसवायचा हट्ट धरला तर कापड रबरासारखं दिसतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये याच जातीचं लॉकडाउन नावाचं प्लगइन मिळतं, तेही कापडाला आणि त्वचेला चांगलं चालतं.

पण कापडासाठी त्याआधी करून बघण्यासारखी एक वाट आहे. छपाई एकरंगी असेल आणि पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी नसेल, समजा फिक्या करड्या टी-शर्टवर गडद करडा लोगो, तर त्या गडद रंगातही घड्यांची उजळ-गडद छटा शिल्लक असते. मग कापड रंगवून चिकटवायची गरजच नाही. लोगोच्या आकाराचा ट्रॅक केलेला मास्क घ्या आणि त्याच्या आत गेन (उजळपणा) वाढवत न्या, लाल-हिरवा-निळा तिन्ही वेगवेगळे, जोवर आतला रंग बाहेरच्या कापडाशी मिळत नाही. घड्या त्याच फ्रेमच्या असल्यामुळे त्या आपोआप बरोबर हलतात. उरते ती लोगोची कड, एक बारीक रेघ. तेवढ्या ३-४ पिक्सेलवर शेजारच्या कापडाचा पॅच मारा. एवढी अरुंद पट्टी चुकली तरी डोळ्याला सापडत नाही. छपाईचा थर चकचकीत असेल तर उजेडात तो कापडापेक्षा जास्त चमकतो आणि ही युक्ती अर्धवट राहते. गेन फार वाढवावा लागला तर नॉइजही तेवढाच वर येतो, म्हणून मास्कच्या आत आधी थोडं डीनॉइज करा आणि शेवटी ग्रेन परत घाला.

न्यूककडे कापडासाठी दोन चांगली हत्यारं आहेत, दोन्ही न्यूकएक्स या मोठ्या आवृत्तीत. स्मार्टव्हेक्टर प्रत्येक पिक्सेलची हालचाल मोजून ठेवतं आणि एका फ्रेमवर रंगवलेला पॅच बाकीच्या फ्रेमवर वाहून नेतं. लोगोसमोरून हात गेला की ती साखळी तुटते, मग नवी संदर्भ फ्रेम घ्यावी लागते. दुसरं कॉपीकॅट, २०२१ साली न्यूक १३ बरोबर आलेलं. तुम्ही शॉटमधल्या मोजक्या फ्रेम हाताने स्वच्छ करता, ते 'आधीचं' आणि 'नंतरचं' बघून शिकतं आणि उरलेल्या फ्रेम स्वतः करतं. ज्या फ्रेम शिकवायला निवडता त्यातच त्याचं यश आहे. सर्वांत गडद, सर्वांत उजळ, हात वर, हात खाली, ब्लर असलेली, अशा टोकाच्या फ्रेम द्या. शेजारशेजारच्या एकसारख्या फ्रेम देऊन काही हाती लागत नाही.

आफ्टर इफेक्ट्सचं कंटेंट-अवेअर फिल

२०१९ च्या एप्रिलमध्ये हे आलं तेव्हा लोगोचं काम आता एका बटणावर आलं, अशी समजूत पसरली. बटण आहे, पण ते योग्य पद्धत निवडून दाबावं लागतं. पद्धती तीन. ऑब्जेक्ट ही हलणाऱ्या वस्तूंसाठी, लोगोसाठी जवळजवळ कधीच नाही. सरफेस ही पृष्ठभागावर पडलेल्या किंवा चिकटलेल्या गोष्टींसाठी, आपलं काम बहुतांशी इथे. एज ब्लेंड फक्त कडेचे रंग आत ओढतं. पोत नसलेल्या सपाट जागेवरच्या अक्षरांना ते झटपट आणि छान जमतं, विणीच्या कापडावर मात्र मेणाचा डाग पडल्यासारखं दिसतं.

कृती अशी. शॉट प्रीकंपोज करा, म्हणजे वेगळ्या कंपोझिशनमध्ये ठेवा. त्यात लोगोभोवती मास्क काढून त्याचा मोड सबट्रॅक्ट करा, म्हणजे तिथे भोक पडेल. मास्क ट्रॅक करा. आतला मास्क ट्रॅकर डळमळत असेल तर सोबत मिळणारं मोका एई वापरा, त्यात रिमूव्ह नसलं तरी ट्रॅकर आहे. अल्फा एक्स्पान्शन (भोक बाहेर वाढवणं) ३ ते ५. मग सरळ जनरेट न दाबता क्रिएट रेफरन्स फ्रेम. फोटोशॉप उघडेल, तिथे लोगो पुसून सेव्ह करा. लोगो चिकटलेला असतो ही जी अडचण वर सांगितली तिच्यावरचा उतारा म्हणजे ही रेफरन्स फ्रेम. ती वगळली तर या साधनाची अर्धी ताकद वाया जाते. लांब शॉटला सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन करा. उजेड बदलत असेल तर लाइटिंग करेक्शन चालू करून आधी सौम्य पातळीवर बघा.

४के शॉटवर हे फार रेंगाळतं. त्याला सोपी तोड आहे: लोगोभोवतीचा ८०० बाय ८०० चा तुकडा वेगळ्या कंपोझिशनमध्ये कापून तिथे फिल करा आणि निकाल मूळ जागेवर परत ठेवा. वेळ वाचतो, आणि साधन लांबच्या कोपऱ्यातला पोत उचलून आणत नाही. फिल लेयर इमेज सिक्वेन्स म्हणून डिस्कवर साठतो. प्रत्येक वेळी बटण दाबलं की नवा सिक्वेन्स तयार होतो, जुने स्वतःहून जात नाहीत. चार-पाच प्रयत्नांत फोल्डर फुगतो, तो साफ करत जा.

सपाट भिंत, पुठ्ठ्याचा खोका, पुस्तकाचं कव्हर, मंद हलणारा कॅमेरा असेल तर हे साधन मन लावून काम करतं. समोरून हात जात असेल, कापड असेल, कप फिरत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

रिझॉल्व्ह स्टुडिओ

ग्रेडिंग तिथेच चालू असेल तर लहान लोगोसाठी बाहेर जायची गरज नाही, ही याची जमेची बाजू. कलर पेजवर पॅच रिप्लेसर आहे. लोगोवर एक आकार, शेजारच्या स्वच्छ भागावर दुसरा, आणि ट्रॅक. मोड अॅडॅप्टिव्ह ब्लेंड ठेवा, तो स्वच्छ भागाचा पोत घेतो आणि रंग-उजेड लोगोच्या आजूबाजूचा. क्लोन मोड जसंच्या तसं चिकटवतो, उजेड असमान असेल तर ठिगळ दिसतं. टोपीवरचं छोटं चिन्ह, दूरच्या पाटीवरचं नाव, बाटलीच्या झाकणावरचा छाप, असली कामं यात दहा मिनिटांत होतात. कॅमेरा गोल फिरला की मात्र पोत पॅचच्या आत सरकतो, कारण स्रोत आणि लक्ष्य यांचा कोन एकसारखा बदलत नाही.

त्यातलं ऑब्जेक्ट रिमूव्हल वेगळं. ते आजूबाजूच्या फ्रेममधून क्लीन प्लेट बनवतं, त्यामुळे लोगोच्या कामात तोच मूळ अडथळा. कॅमेरा ट्रायपॉडवर असून लोगो असलेली वस्तूच फ्रेममधून सरकत असेल आणि अख्खी वस्तू काढायची असेल तर 'हालचाल नाही' असं गृहीत धरायचा पर्याय लावून ते चांगला निकाल देतं. २०२२ साली रिझॉल्व्ह १८ बरोबर आलेलं सरफेस ट्रॅकर मात्र कापडावर नवा लोगो बसवायला खरोखर उपयोगी आहे.

न्यूरल मॉडेलं

इथे दोन कामं वेगळी करून पाहावीत. मास्क काढण्यासाठी मेटाचं सॅम २, जुलै २०२४ मध्ये आलेलं, अपाचे २.० परवान्याचं, म्हणजे व्यावसायिक कामालाही खुलं. लोगोवर एक-दोन क्लिक करा, ते फ्रेमगणिक मास्क पुढे नेतं. समोरून जाणाऱ्या हाताचा मास्कही यात पटकन मिळतो, आणि रोटोचा वेळ वाचवण्याचं खरं मोल तिथे आहे. कडा थोड्या ढोबळ येतात, ब्लर झालेली बोटं कापली जातात, म्हणून हातावर तो कच्चा आराखडा समजून दुरुस्त करा.

भरायच्या कामासाठी २०२३ मधलं प्रोपेंटर अजूनही वापरात आहे. ते आधी प्रवाह मोजतं, म्हणजे पिक्सेल कुठून कुठे गेले ते, आणि दुसऱ्या फ्रेमचं त्यावरून आणून लावतं. जिथे काही मिळत नाही तिथे स्वतः रचतं. लोगोच्या बाबतीत बहुतेक सगळं रचलेलंच असतं, त्यामुळे पॅच मऊ आणि पोत नसलेला येतो. गवत, पाणी, झाडी, गर्दी यांच्यासमोरची पाटी काढायला ते उत्तम, कारण तिथला पोत तसाही हलता असतो. ग्राफिक्स कार्डाची मेमरी हा मोठा अडथळा: १२८० बाय ७२० च्या ८० फ्रेमला अर्ध्या अचूकतेतही (१६ बिट आकड्यांत) २५ जीबीच्या आसपास लागते. म्हणून इथेही लोगोभोवतीचा तुकडाच कापून द्या. आणि परवाना बघा, तो व्यावसायिक वापराला मनाई करतो. पैशाच्या कामात हे वापरून नंतर अडकू नका.

मजकूर लिहून व्हिडिओ बदलणारी नवी मॉडेलं 'शर्टवरचा लोगो काढ' म्हटलं की काढतात, पण अख्खी फ्रेम नव्याने रंगवतात. चेहऱ्याची ठेवण, दात, मागची अक्षरं सूक्ष्म बदलतात. निकाल तसाच कधीही देऊ नका. मूळ फुटेजवर तो ठेवा, मास्कने फक्त लोगोपुरता घ्या, रंग जुळवा, ग्रेन घाला. एवढं केलं तर काही शॉट वाचतात.

एफएफएमपेगच्या डीलोगो फिल्टरबद्दल थोडक्यात. डावीकडून आणि वरून किती अंतर, रुंदी आणि उंची किती, हे चार आकडे दिले की तो चौकोनाच्या कडेचे रंग आत पसरवतो. 'शो'ची किंमत १ ठेवली की हिरवी चौकट दिसते आणि जागा बरोबर आहे का ते कळतं. चौकोन फ्रेमच्या कडेला टेकवू नका, त्याला भोवती निदान एक पिक्सेल लागतो. स्थिर कोपऱ्यातल्या चिन्हाला, तेही कच्च्या प्रतीसाठी, ठीक. हलत्या लोगोला नाही. आणि दुसऱ्याच्या व्हिडिओवरचा मालकीचा वॉटरमार्क पुसायला हे किंवा वरचं कुठलंही साधन वापरू नये. ते काम सरळसरळ दुसऱ्याचा हक्क हिरावणं आहे.

काढण्याऐवजी बदलायचा असेल तर

नवा लोगो जुन्यापेक्षा मोठा आहे म्हणून जुना पुसायचा टाळू नका. कडेने तो डोकावतोच, निदान रंगाची झाक तरी. आधी स्वच्छ, मग नवा. कापडावर मल्टिप्लाय (खालच्या छटेने गडद होणाऱ्या) मोडने बसवा म्हणजे घड्यांची छटा त्यातून येते. गडद कापडावर मल्टिप्लाय चालत नाही, तिथे नॉर्मल ठेवून घड्यांची छटा वेगळी काढून वरून टाकावी लागते. नव्या लोगोचा काळा शॉटमधल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडद नको, आणि पांढरा सर्वांत उजळ कापडापेक्षा उजळ नको. डिझायनरकडून आलेली फाइल शुद्ध काळ्या-पांढऱ्यात असते आणि ती तशीच टाकल्यामुळे लोगो तरंगतो. कडा कॅमेऱ्याने टिपल्यासारख्या किंचित मऊ करा. मोशन ब्लर शटरच्या कोनाप्रमाणे द्या, साधारणपणे १८० अंश. कपावर सपाट चित्र टाकून कोपरे ओढले तर नाव कपाला चिकटलेलं वाटत नाही. ते गोलाईवर गुंडाळायला हवं, दोन्ही बाजूंची अक्षरं अरुंद होत गेली पाहिजेत.

खेळाच्या थेट प्रक्षेपणात हेच काम सेकंदाच्या अंशात चालतं. मैदानाच्या कडेच्या फलकांवरची जाहिरात वेगवेगळ्या देशांतल्या प्रेक्षकांना वेगवेगळी दाखवतात. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल आइस हॉकीत ही व्यवस्था २०२२-२३ च्या हंगामापासून आहे, आणि सुरुवातीला फलकाजवळून जाणारे खेळाडू लुकलुकतात अशा तक्रारी झाल्या. ट्रॅक पक्का असला तरी समोरून जाणाऱ्याचा मास्क फसतो. आपल्या लॅपटॉपच्या शॉटमधल्या त्या २० फ्रेमसारखंच.

तपासणी

काम झाल्यावर मूळ शॉट आणि तयार शॉट एकमेकांवर डिफरन्स (फक्त फरक दाखवणाऱ्या) मोडमध्ये ठेवा आणि गॅमा वाढवा. लोगोची जागा सोडून बाकी सगळं काळं दिसलं पाहिजे. इतरत्र हलकी रेषारेषांची आकृती दिसली तर शॉट अर्धा पिक्सेल सरकलाय किंवा रंगाची रेंज बदलली आहे. मग पॅच २०० टक्के मोठा करून फक्त लाल-हिरवा-निळा असे वेगवेगळे चॅनेल चालवा. ग्रेन सहसा निळ्यात जास्त असतो आणि पॅचचा गुळगुळीतपणा तिथेच पकडला जातो. ग्रेन घालताना तीन चॅनेलचं प्रमाण वेगवेगळं ठेवा, एकच आकडा तिघांना देऊ नका.

शेवटी शॉट ज्या दाबाने प्रकाशित होणार त्याच एच.२६४ किंवा एच.२६५ सेटिंगवर एक प्रत काढा आणि ती मोठ्या पडद्यावर, थोडं लांबून, आवाज चालू ठेवून बघा. कॉम्प्रेशन ग्रेन खातं, आणि मूळ फाइलमध्ये बेमालूम असलेला पॅच कधीकधी या प्रतीत शांत डागासारखा उरतो. तसं झालं तर पॅचचा ग्रेन थोडा वाढवून पुन्हा प्रत काढा. लोगो असलेले शॉट टाइमकोडसह एका यादीत लिहून ठेवलेले असतील तर प्रत्येकासमोर ही शेवटची खूण करा. स्वयंचलित लोगो-शोधक अर्धा झाकलेला किंवा आरशात उलटा दिसणारा लोगो सोडून देतात, त्यामुळे ही यादी माणसाने एकदा पूर्ण फुटेज बघूनच करावी लागते.